पदवीचे गुण कमी असताना बी.एड., एम.एड. किंवा एम.ए. शिक्षणशास्त्र : प्रवेशाची क्रमवार तयारी

पदवीला ४५ ते ५० टक्क्यांच्या मध्ये अडकलेले उमेदवार दरवर्षी एकाच क्रमाने चुकतात. ते आधी सीईटीचा, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेचा, अर्ज भरतात, शिकवणी लावतात, परीक्षा देतात, बरे गुणही मिळवतात आणि मग कागदपत्र पडताळणीच्या वेळी आपण मुळात पात्रच नाही हे त्यांना कळते. याच्या नेमके उलटेही घडते. ४७ टक्के आहेत म्हणून आपल्याला बी.एड. मिळणारच नाही असे ठरवून पात्र असलेला उमेदवार अर्जच करीत नाही. दोन्ही चुकांच्या मुळाशी पात्रता आणि गुणवत्ता यांची गल्लत असते. महाराष्ट्रात बी.एड. आणि एम.एड.च्या प्रवेशासाठी पूर्वशिक्षणाचे टक्के दारावरच्या तिकिटासारखे एकदाच पाहिले जातात. आत गेल्यावर गुणवत्ता यादीतील स्थान सीईटीवर ठरते. म्हणून कमी गुणांच्या उमेदवाराने सगळी शक्ती आधी पात्रतेचा प्रश्न सोडवण्यावर आणि नंतर सीईटीवर लावावी. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि तो क्रम बदलू नये.

टप्पा १ : नेमका कोणता अभ्यासक्रम हवा ते ठरवणे

"शिक्षणक्षेत्रात जायचे आहे" एवढ्यावर अर्ज करता येत नाही, कारण प्रत्येक अभ्यासक्रमाची पात्रता वेगळी आहे.

बी.एड. : राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजेच एनसीटीईच्या, २०१४च्या नियमांनुसार विज्ञान, सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या किंवा वाणिज्य यांतील पदवीला अथवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. गणित व विज्ञान यांचा विशेष अभ्यास असलेल्या अभियांत्रिकी पदवीधरांसाठी ही अट ५५ टक्के आहे. महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गांना ५० ऐवजी ४५ टक्क्यांची सवलत मिळते. या नियमातील "अथवा पदव्युत्तर पदवीला" हे शब्द कमी गुणांच्या उमेदवारासाठी सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि बहुतेक जण नेमके तेच वाचत नाहीत.

एम.एड. : येथे बी.एड.चे गुण पाहिले जातात आणि तेथे ५० टक्के लागतात. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) व पदवी या मार्गाने येणाऱ्यास दोन्हींत ५० टक्के आवश्यक आहेत. पदवी काठावरची असूनही बी.एड.ला चांगले गुण मिळवलेल्या उमेदवाराने जुन्या पदवीची धास्ती बाळगून एम.एड. टाळण्याचे कारण नाही.

एम.ए. शिक्षणशास्त्र : ही शिक्षणाच्या अभ्यासाची पदव्युत्तर पदवी आहे, तिला बी.एड. लागत नाही आणि ती बी.एड.ची जागा घेत नाही. शाळेत शिक्षक म्हणून नियुक्ती हवी असल्यास केवळ एम.ए. करून उपयोग नाही. अभ्यासक्रमनिर्मिती, संशोधन किंवा शिक्षणावर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था यांकडे कल असल्यास मात्र हा मार्ग सरळ आहे.

तपासणी : पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवण्याची इच्छा असेल तर बी.एड.चा विचार येथेच थांबवावा. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार प्राथमिक स्तरावर बी.एड. ही पात्रता चालत नाही, त्यासाठी डी.एल.एड. लागते आणि तिचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. पदवीत घसरलेल्या पण बारावीला चांगले गुण असलेल्या उमेदवारासाठी हा मार्ग मोकळा असतो, तरी कमीपणा वाटतो म्हणून तो टाळला जातो. तसे करू नये.

टप्पा २ : आपली खरी टक्केवारी काढणे

हे काम सोपे वाटते, पण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. उमेदवार पदवी प्रमाणपत्रावरची "द्वितीय श्रेणी" पाहून निर्धास्त होतात किंवा शेवटच्या वर्षाचे टक्के हेच पदवीचे टक्के समजतात. जुन्या पद्धतीत काही विद्यापीठांत श्रेणी केवळ शेवटच्या वर्षाच्या गुणांवर ठरत असे, त्यामुळे श्रेणी एक सांगते आणि एकूण बेरीज दुसरेच. म्हणून सर्व सत्रांच्या गुणपत्रिका समोर ठेवून स्वतः बेरीज करावी, ती विद्यापीठाच्या नियमाशी ताडून पाहावी आणि माहिती पुस्तिकेत कोणती बेरीज मागितली आहे ते वाचूनच अर्जातील रकाना भरावा.

एक उदाहरण घेऊ. सहा सत्रांचे मिळून २,४०० गुण आहेत आणि उमेदवारास १,१८६ मिळाले आहेत. टक्केवारी ४९.४२ होते. खुल्या प्रवर्गात १,२०० गुण लागतात, म्हणजे हा उमेदवार १४ गुणांनी अपात्र आहे. "साडेएकोणपन्नास म्हणजे पन्नासच" हे गणित येथे करू नये. हा समज बहुधा डी.एल.एड.वरून आला असावा, कारण महाराष्ट्रात त्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गास ४९.५ आणि राखीव प्रवर्गांस ४४.५ टक्क्यांची अट ठेवली जाते. बी.एड.साठी ५० म्हणजे पूर्ण ५० असे धरूनच नियोजन करावे.

श्रेयांक पद्धतीत पदवी घेतलेल्यांनी सीजीपीएला दहाने गुणून टक्के काढू नयेत. प्रत्येक विद्यापीठाचे रूपांतराचे सूत्र वेगळे आहे. काही विद्यापीठे ते गुणपत्रिकेच्या मागे छापतात, काही स्वतंत्र परिपत्रकाने जाहीर करतात. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून रूपांतराचे प्रमाणपत्र सहीशिक्क्यासह घ्यावे आणि तोच आकडा सर्व अर्जांत वापरावा. एका अर्जात ५०.२ आणि दुसऱ्यात ५१ असे दिसले की पडताळणी करणारा अधिकारी अर्ज परत पाठवतो आणि त्याचे करणे योग्यच असते.

शेवटच्या वर्षात असलेल्यांना अजून सुधारणेची संधी आहे, म्हणून त्यांनी हे गणित आजच करावे. समजा, चार सत्रांत १,६०० पैकी ७६० गुण आहेत, म्हणजे ४७.५ टक्के. एकूण १,२०० गाठण्यासाठी उरलेल्या ८०० पैकी ४४० हवेत, म्हणजे शेवटच्या दोन सत्रांत ५५ टक्के. हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवावा. "चांगला अभ्यास करीन" या निश्चयापेक्षा तो अधिक कामाचा आहे.

इशारा : जुन्या, एटीकेटी लागलेल्या गुणपत्रिकेवरून बेरीज करू नये. विषय सुटल्यानंतरची सुधारित गुणपत्रिका मिळवावी. ती हाती नसल्यास महाविद्यालय व विद्यापीठ यांच्यात फेऱ्या मारण्यात महिना जातो, म्हणून हे काम सीईटीच्या अर्जापूर्वी उरकावे.

टप्पा ३ : सवलत असेल तर ती कागदावर सिद्ध करणे

४५ ते ५० टक्क्यांमधील राखीव प्रवर्गाच्या उमेदवारासाठी जातीचे कागद हा पात्रतेचाच भाग आहे. ५८ टक्के असलेल्या उमेदवाराचे जात वैधता प्रमाणपत्र वेळेत आले नाही तर तो खुल्या प्रवर्गातून स्पर्धेत राहतो; ४७ टक्के असलेला उमेदवार त्याच क्षणी प्रवेशातूनच बाहेर पडतो, कारण खुल्या प्रवर्गाची ५० टक्क्यांची अट त्याला लागू होते. म्हणून जात प्रमाणपत्र, जात पडताळणी समितीकडील वैधता प्रमाणपत्र आणि ज्या प्रवर्गांना लागते त्यांच्यासाठी चालू मुदतीचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांची व्यवस्था निकालाची वाट न पाहता करावी. ही सवलत महाराष्ट्रातील प्रवर्गांपुरती आहे. दुसऱ्या राज्याच्या जात प्रमाणपत्रावर ती मिळत नाही. कोणकोणते प्रवर्ग सवलतीत येतात ते त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत शब्दशः वाचावे, कारण शेजाऱ्याला गेल्या वर्षी काय मिळाले हा पुरावा होत नाही.

तपासणी : दहावीची गुणपत्रिका, पदवीची गुणपत्रिका, आधार आणि जात प्रमाणपत्र यांवरील नाव अक्षरशः सारखे आहे का? विवाहानंतर नाव बदललेल्या उमेदवारांनी राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवावे. शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे.

टप्पा ४ : टक्के खरोखरच कमी पडत असतील तर ते भरून काढणे

येथे तीन मार्ग आहेत. किती गुण कमी पडतात आणि किती वर्षे देण्याची तयारी आहे यांवरून निवड करावी.

पहिला मार्ग, श्रेणीसुधार. अनेक विद्यापीठांत पदवी मिळाल्यानंतर ठरावीक मुदतीत काही विषयांची परीक्षा पुन्हा देऊन गुण सुधारता येतात. वरच्या उदाहरणातील १४ गुण कमी पडलेल्या उमेदवारासाठी हा सर्वांत जवळचा मार्ग आहे. त्यासाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : माझी मुदत शिल्लक आहे का, कोणत्या वर्षाचे विषय पुन्हा देता येतात, आणि सुधारित गुणांची नवी गुणपत्रिका मिळते की केवळ प्रमाणपत्र. मुळात फार कमी गुण मिळालेले, पण उत्तरलेखनाने सुधारता येण्यासारखे विषय निवडावेत. ज्या विषयात ५५ आहेत तेथे ६५ करणे अवघड असते. ज्यात ३८ आहेत तेथे ५२ करणे बहुधा शक्य असते. मूळ पदवी सोडून देऊन पुन्हा पहिल्या वर्षापासून दुसरी पदवी करण्याचा सल्ला काही जण देतात. पुढील मार्ग उपलब्ध असताना त्यात तीन वर्षे घालवण्यात अर्थ नाही.

दुसरा मार्ग, पदव्युत्तर पदवी. एनसीटीईच्या नियमातील "अथवा" येथे उपयोगी पडते. पदवीला ४६ टक्के असलेल्या उमेदवाराने एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी. ५० टक्क्यांनी पूर्ण केल्यास तो बी.एड.ला पात्र ठरतो. नोकरी सांभाळून हे करायचे असल्यास नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजेच इग्नू किंवा पारंपरिक विद्यापीठांची दूरशिक्षण केंद्रे आहेत. मान्यताप्राप्त मुक्त व दूरशिक्षणाच्या पदव्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, नियमांनुसार नियमित पदवीच्या समकक्ष मानल्या जातात. प्रवेश घेण्यापूर्वी त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाची त्या वर्षाची मान्यता आहे याची खात्री करावी आणि प्रवेशासाठी आता लागणारा या मंडळाचा डीईबी क्रमांक काढून ठेवावा.

या मार्गावर तीन चुका नेहमी होतात.

पहिली, विषयाची निवड. "सोपा" म्हणून लोकप्रशासन किंवा समाजशास्त्र घेतले जाते आणि बी.एड.ला मेथड, म्हणजे अध्यापनाचा शालेय विषय, निवडताना अडचण येते. शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला किंवा पदव्युत्तरला असावा हे मेथडच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, गणित यांपैकी जो विषय पदवीला होता त्यातच पुढे जाणे सर्वांत सुरक्षित. बारावी ते पदव्युत्तर एकच विषयसूत्र राहिले तर पुढे कनिष्ठ महाविद्यालयाच्या जागांसाठीही त्याचा उपयोग होतो.

दुसरी, उत्तीर्ण होण्यावर समाधान मानणे. अनेक विद्यापीठांत ४० टक्क्यांवर एम.ए. पूर्ण होते आणि उमेदवार पुन्हा ४७ वर येऊन थांबतो. दोन वर्षे जातात आणि प्रश्न तसाच राहतो. पहिल्या सत्रापासून ५५चे लक्ष्य ठेवावे. हा आकडा हवेतून घेतलेला नाही : यूजीसी-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेसाठी पदव्युत्तरला ५५ टक्के, सवलत असलेल्या प्रवर्गांना ५० टक्के लागतात, त्यामुळे एकाच मेहनतीत दोन अटी पूर्ण होतात.

तिसरी, स्वाध्यायांकडे दुर्लक्ष. इग्नूत साधारणपणे ३० टक्के भार स्वाध्यायांना आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला असतो. मुदतीच्या आदल्या रात्री बाजारातून उतरवून काढलेले स्वाध्याय म्हणजे हातातले गुण सोडून देणे होय. कमी गुणांचा इतिहास असलेल्या उमेदवाराला तर ही चैन मुळीच परवडणारी नाही.

तिसरा मार्ग, थेट एम.ए. शिक्षणशास्त्र. इग्नूच्या एम.ए. शिक्षणशास्त्राला कोणत्याही शाखेची पदवी चालते, तेथे ५० टक्क्यांची अट नाही. शाळेतील नोकरी हे ध्येय नसलेल्या किंवा आधीच शिक्षणसंस्थेत काम करीत असलेल्या व्यक्तीसाठी हा मार्ग चांगला आहे. मात्र बी.एड.च्या पात्रतेचा खड्डा भरण्यासाठी तो निवडू नये, कारण शालेय विषय आणि मेथड हा प्रश्न त्याने सुटत नाही.

इशारा : इग्नूचे आणि मुक्त विद्यापीठाचे बी.एड. हे कमी गुणांवरील उपाय नव्हेत. इग्नूच्या बी.एड.ला ५० टक्क्यांची अट तर आहेच, शिवाय उमेदवार प्रशिक्षित सेवांतर्गत प्राथमिक शिक्षक असावा किंवा त्याने एनसीटीई-मान्य अध्यापक शिक्षण अभ्यासक्रम प्रत्यक्ष पद्धतीने पूर्ण केलेला असावा लागतो.

टप्पा ५ : सीईटीत जुने गुण मागे टाकणे

पात्रता निश्चित झाल्यावर पदवीच्या टक्क्यांचा विचार मनातून काढून टाकावा. ५० टक्क्यांचा आणि ७५ टक्क्यांचा पदवीधर सीईटीच्या प्रश्नपत्रिकेसमोर सारखेच आहेत. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची बी.एड. सीईटी संगणकावर होते. १०० प्रश्न, ९० मिनिटे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्नांची विभागणी बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३० आणि शिक्षक अभियोग्यता ३० अशी राहिली आहे. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयांत जायचे असल्यास ईएलसीटी ही इंग्रजीची स्वतंत्र चाचणी अर्ज भरतानाच निवडावी लागते. ती खूण करायला विसरलेल्या उमेदवाराला नंतर काहीच करता येत नाही.

तयारीचा क्रम असा ठेवावा. प्रथम बौद्धिक क्षमता, कारण भार सर्वाधिक आणि सरावाने वाढ सर्वांत जलद : संख्यामालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, वेन आकृत्या, आरशातील प्रतिमा. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता. या विभागात वर्गातील प्रसंग देऊन "शिक्षक म्हणून आपण काय कराल" असे विचारले जाते आणि शाळेत आपल्याला ज्या पद्धतीने वागवले गेले त्यावरून उत्तर देणारे चुकतात. विद्यार्थ्याला शिक्षा करणारा, मुख्याध्यापकांकडे पाठवणारा किंवा दुर्लक्ष करणारा पर्याय सहसा बाद होतो. कारण शोधणारा आणि मुलाला वर्गात ठेवूनच मार्ग काढणारा पर्याय बहुधा बरोबर असतो. सामान्य ज्ञानाला अंत नाही, म्हणून त्याला रोजचा ठरावीक वेळच द्यावा. महाराष्ट्राचा भूगोल, समाजसुधारक, राज्यघटना आणि गेल्या वर्षभरातील घडामोडी यांवर भर द्यावा.

९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. न येणारा प्रश्न खूण करून सोडावा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न रिकामा राहणार नाही अशा रीतीने उरलेली उत्तरे नोंदवावीत. ही सवय सीयूईटी-पीजीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला, मात्र नेऊ नये. तेथे बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी सराव चाचण्याही वेगवेगळ्या द्याव्यात.

टप्पा ६ : कॅप फेरी आणि पसंतीक्रम

सीईटी देणे म्हणजे प्रवेशासाठी अर्ज करणे नव्हे. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, स्वतंत्र नोंदणी करावी लागते, कागदपत्रे अपलोड करावी लागतात, ऑनलाइन पडताळणी होते, तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, हरकतींसाठी मुदत मिळते आणि त्यानंतर पसंतीक्रम भरायचा असतो. हरकतींच्या मुदतीत आपले नाव, प्रवर्ग आणि टक्केवारी स्वतः तपासावी. पडताळणीतील त्रुटीचा संदेश मोबाइलवर येऊन पडलेला असतो आणि उमेदवार यादीची वाट पाहत बसतो, असे प्रकार नित्याचे आहेत. म्हणून या काळात रोज लॉगिन करून पाहावे.

पसंतीक्रमात शासकीय व अनुदानित महाविद्यालये वर ठेवावीत, कारण त्यांचे शुल्क कमी असते. पनवेल, रत्नागिरी, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय अध्यापक महाविद्यालये आहेत. मात्र त्यांच्यासाठी स्पर्धा तीव्र असते, म्हणून फक्त दोनचार नामवंत नावे भरून यादी बंद करू नये. खाली जवळची विनाअनुदानित महाविद्यालये भरावीत. पण ज्या महाविद्यालयात रोज जाणे अशक्य आहे ते यादीत घालूच नये, कारण एनसीटीईच्या नियमांनुसार तासिका व प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष अध्यापनाच्या सरावाला, ९० टक्के उपस्थिती लागते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की सहसा पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो, त्यामुळे पहिले नाव पूर्ण विचार करूनच लिहावे.

इशारा : कॅपमधून येणारी जागा सोडून संस्था स्तरावर प्रवेश घेण्याचा आग्रह होतो तेव्हा शिष्यवृत्तीचा प्रश्न आधी विचारावा. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शुल्क सवलतीच्या योजनांसाठी प्रवेश कॅपमार्गे झालेला असणे सामान्यतः आवश्यक असते. थोड्या घाईपायी दोन वर्षांचे पूर्ण शुल्क अंगावर येऊ शकते.

टप्पा ७ : जेथे निवेदन आणि मुलाखत असते तेथे कमी गुणांविषयी बोलणे

बंगळूरू व भोपाळ येथील अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या एम.ए. शिक्षणासाठी लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते. अशा संस्थांत उमेदवाराच्या शैक्षणिक वाटचालीविषयी प्रश्न येतात आणि कमी गुणांचा विषय टाळता येत नाही. काही जण तो लपवतात, काही जण पूर्ण पानभर त्याचेच रडगाणे गातात. दोन्ही प्रकारांत नुकसान होते.

नमुना म्हणून एक नेहमीचे वाक्य पाहावे : "घरगुती अडचणींमुळे माझे गुण कमी आले, परंतु मला शिक्षणक्षेत्राची मनापासून आवड असून समाजासाठी काहीतरी करण्याची इच्छा आहे." यात तपासता येईल अशी एकही गोष्ट नाही. कोणती अडचण, कोणत्या काळात, ती संपल्यावर काय झाले, आवड कशातून दिसली, याचे उत्तर वाचणाऱ्याला मिळत नाही.

तोच मजकूर असा लिहिता येतो : "तिसऱ्या व चौथ्या सत्रात मी रात्रपाळीत पेट्रोल पंपावर काम करीत होतो. त्या वर्षी माझे तीन विषय राहिले. काम सोडल्यानंतर पाचव्या सत्रात ५७ व सहाव्यात ६१ टक्के मिळाले. एकूण टक्केवारी मात्र ५१ राहिली. सध्या मी वस्तीतील अभ्यासिकेत सहावीच्या मुलांना गणित शिकवतो. एक तृतीयांशपेक्षा एक चतुर्थांश मोठा, कारण तीनपेक्षा चार मोठे, असे तेथील बरीच मुले सांगतात. भाकरीचे तुकडे करून दाखवले की उत्तर बरोबर येते, पण संख्यारेषेवर तीच चूक पुन्हा होते. असे का होते हे मला समजून घ्यायचे आहे."

या परिच्छेदात गुणांविषयी चारच वाक्ये आहेत. कारण, काळ आणि नंतरची सुधारणा सांगून लेखक पुढे सरकतो. मुलाखतीत बहुतेक प्रश्न भाकरी आणि संख्यारेषा यांवर येतील आणि तेथे उमेदवार खऱ्या माहितीवर बोलू शकेल. सत्रनिहाय गुण वाढत गेलेले असतील तर ते आवर्जून द्यावेत, कारण एकूण टक्केवारी ती वाढ झाकून टाकते. गुण कमी असण्याला अभ्यास न केल्याखेरीज दुसरे कारण नसेल तर आजारपण रचू नये. "त्या काळात माझे अभ्यासाकडे लक्ष नव्हते" हे एक साधे वाक्य आणि त्यानंतर केलेल्या कामाचा पुरावा पुरेसा असतो.

असा पुरावा अर्जाच्या आदल्या आठवड्यात तयार होत नाही. त्यासाठी किमान एक वर्ष आधी शाळा, अभ्यासिका, साखरशाळा, बालभवन किंवा वाचनालय अशा ठिकाणी नियमित काम धरावे आणि मुलांच्या चुका, प्रश्न, आपण केलेले बदल यांची तारखेनिशी वही ठेवावी. शिफारसपत्र मागितले असल्यास ते संस्थेच्या अध्यक्षांकडून घेण्यापेक्षा आपले काम प्रत्यक्ष पाहिलेल्या शिक्षकाकडून घ्यावे. तुळजापूर ते तळोदा कोठेही असे एखादे काम असतेच. प्रश्न फक्त आठवड्यातून ठरलेल्या दिवशी न चुकता जाण्याचा आहे.

तपासणी : निवेदन कोणाला तरी वाचायला द्यावे आणि नंतर विचारावे, "यातले काय लक्षात राहिले?" उत्तर "तुझे गुण कमी होते" असे आले तर मजकूर पुन्हा लिहावा.

टप्पा ८ : "टक्क्यांचे आम्ही बघतो" म्हणणाऱ्यांपासून दूर राहणे

अपात्र उमेदवारांना हेरून फोन करणारे दलाल निकालानंतरच्या आठवड्यांत सक्रिय होतात. व्यवस्थापन कोट्यातून ४४ टक्क्यांवर प्रवेश, परराज्यातील महाविद्यालयात हजेरीशिवाय बी.एड., मागील तारखेची गुणपत्रिका, असे प्रकार ते सुचवतात. संस्था स्तरावरील जागांनाही पात्रतेची अट तशीच लागू असते. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांतील प्रवेश आणि शुल्क यांसाठी महाराष्ट्रात २०१५चा कायदा आहे, आणि झालेल्या प्रवेशांना प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. मान्यता नाकारली गेली की विद्यापीठाची पात्रता आणि परीक्षा दोन्ही अडतात, तोपर्यंत पैसे भरून झालेले असतात. प्रवेश घेताना पैसे फक्त महाविद्यालयाच्या खात्यात भरावेत, प्रत्येक रकमेची पावती घ्यावी, शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या महाविद्यालयासाठी ठरवलेला आकडा पावतीशी ताडून पाहावा, आणि महाविद्यालयाचे नाव एनसीटीईच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः शोधावे. मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला जमा करताना पोच घ्यावी आणि त्याआधी सर्व कागदांच्या किमान चार साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात, कारण विद्यापीठाची पात्रता, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि आंतरवासितेची शाळा या तिन्ही ठिकाणी त्या पुन्हा मागितल्या जातात.